राखीव गडी

शालेय कबड्डीची प्रवेशिका भरताना बारा नावे द्यावी लागतात. त्यांतले सात मैदानात उतरतात, पाच बाहेर बसतात. आमच्या शाळेत वर्षानुवर्षे अशी रीत पडून गेली आहे की, पहिली सात नावे लिहून झाली की शिक्षक एक आडवी रेघ मारतो आणि रेघेखाली ‘राखीव’ असा मथळा घालून उरलेली पाच लिहितो. छापील फॉर्मात ही रेघ नसते. ती आम्ही मारतो. मी मराठीचा शिक्षक. मुळशी तालुक्यातल्या एका गावात माझी नोकरी झाली. शाळेला क्रीडाशिक्षक नाही, म्हणून गेली बरीच वर्षे संघ घेऊन जाण्याचे कामही माझ्याकडेच आहे आणि ही रेघ मीही मारत आलो आहे.

गेल्या पावसाळ्यात मी वर्गात यादी वाचून दाखवत होतो. रेघेखालचे शेवटचे नाव एका कातकरी मुलाचे होते. नाव ऐकून तो उभा राहिला आणि अगदी सरळपणे म्हणाला, “सर, हे राखीव म्हंजी दाखल्यातलं राखीव का?” वर्ग खो खो हसला. मीही हसलो. मी बौद्ध. ज्या वस्तीत वाढलो तिथे ‘राखीव’ या शब्दावर कुणी सहज हसत नसे. आणि तरीही मी हसलो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या हसण्याचा मी स्वतःकडे मागितलेला जाब आहे.

प्रथम ही व्यवस्था समजून घेऊ. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात. तालुक्यात जिंकलेला संघ जिल्ह्याला, तिथून विभागाला, राज्याला आणि निवड झालेले खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेला जातात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे वयाचे तीन गट असतात. देशपातळीवर या स्पर्धा भरवणारा शालेय क्रीडा महासंघ १९५४ सालचा. आमच्या तालुक्यातल्या बहुतेक शाळांच्या दृष्टीने मात्र ही शिडी पहिल्या पायरीवरच संपते. ऑगस्ट-सप्टेंबरात, ताम्हिणीकडून येणारा पाऊस जरा उघडला की कुठल्याशा मोठ्या शाळेच्या मैदानावर आम्ही टेम्पोत मुले भरून जातो, चिखलात दोन सामने खेळतो, हरतो आणि वडापाव खाऊन परत येतो. यात कमीपणा काही नाही. हरणारे संघ असतात म्हणूनच स्पर्धा होते. प्रश्न हरण्याचा नाही. हरणाऱ्या संघातसुद्धा एक ‘पहिला संघ’ असतो आणि एक ‘दुसरा’ असतो, आणि या दुसऱ्यासाठी आपल्या भाषेने जे शब्द राखून ठेवले आहेत त्यांचा आहे.

पहिल्या संघाला शब्द पुष्कळ. वाघ, ढाण्या वाघ, मावळे, पठ्ठे. आमच्याकडे तर मावळ खोऱ्याच्या नावाने छाती फुगवायची सवय जुनी आहे. दुसऱ्या संघाला काय म्हणतात? “उरलेली पोरं.” सरावाच्या वेळी सर म्हणतात, “हे सात इकडं या, उरलेले तिकडं.” ज्यांच्या आजी-आजोबांनी बलुत्याच्या नावाखाली गावातून उरलेली भाकर मागून आणली त्यांच्या नातवाला ‘उरलेला’ हा शब्द कानाला कसा लागतो, हे सांगण्यासाठी सिद्धान्ताची गरज नाही.

माझे शालेय शिक्षण ऐंशीच्या दशकातले. तेव्हा तालुक्यात हिंजवडीला काचेच्या इमारती नव्हत्या, भातखाचरे होती. शाळा कुठली ते लिहीत नाही, कारण ती एकच तशी नव्हती. मी कबड्डी बरी खेळत असे. अंगाने किरकोळ, पण पायात चपळ. संघात मी दहावा होतो. राखीव गड्याचे एक ठरलेले काम असते. मध्यंतर झाले की बादली आणि तांब्या घेऊन मैदानात धावायचे, खेळणाऱ्यांना पाणी द्यायचे. कोणत्याही खेळातल्या राखीव गड्याला हे काम चुकत नाही. क्रिकेटचा बारावा गडीही तेच करतो. पहिल्या सामन्यात मी सवयीने बादलीकडे वळलो. ड्रिलचे मास्तर ओरडले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. इतकेच म्हणाले, “तू राहू दे रे. तू चपला बघ सगळ्यांच्या.” आठवा, नववा, अकरावा, बारावा पाणी घेऊन गेले. मी बावीस चपलांजवळ उभा राहिलो.

मास्तर दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. त्यांनीच मला संघात घेतले होते. माझ्या पायांची चपळाई त्यांनी पाहिली होती. पण खेळाडू म्हणून घेणे आणि पाण्याला हात लावू देणे या त्यांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. त्यानंतर सहा दशके उलटत आली तरी आमच्या मैदानावरची बादली त्या तळ्यापासून दूरच होती. दुय्यमपणालाही पायऱ्या असतात, हे मला त्या दिवशी कळले. राखीवांतही मी राखीव होतो.

घरी येऊन बापाला सांगितले. तो रागावेल असे वाटले होते. तो म्हणाला, “राखणच करायची ना? आपुन तेच करत आलो. बाबा गावाची शीव राखायचा, खळं राखायचा, सरकारी खजिना तालुक्याला नेताना राखायचा. तू चपला राखल्या.” मग बराच वेळ थांबून म्हणाला, “पर तू शाळंत गेलास ते राखणीला नव्हं.” माझ्या आजोबांच्या वतनाला कायद्याने ‘कनिष्ठ’ ठरवले होते. मुंबई राज्याने १९५८ साली ही वतने रद्द केली, त्या कायद्याच्या नावातच ‘कनिष्ठ गाव वतने’ असे शब्द आहेत. वतन गेले, पण मोडणाऱ्या कायद्यालाही ते विशेषण वापरावे लागले. बाप निरक्षर होता. त्याने ‘राखण’ आणि ‘राखीव’ या शब्दांची जोड सहज लावून दाखवली. व्याकरण त्याच्या बाजूचेच आहे. दोन्ही शब्द ‘राखणे’ या एकाच क्रियापदाचे. एकात राखणारा आपण असतो. दुसऱ्यात आपल्याला कुणीतरी राखून ठेवलेले असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘राखीव’ हा शब्द मराठीत दोन ठिकाणी विशेष वापरला जातो: खेळात आणि राज्यघटनेच्या चर्चेत. दोन्हीकडे शब्द एकच असल्यामुळे अर्थही एकच असावा असे लोक न बोलता धरून चालतात, आणि सारा घोटाळा तिथेच आहे. खेळात राखीव असतो तो माणूस. मैदानातल्या सात जागा कुणासाठी राखीव नसतात. त्या ‘चांगल्यां’च्या असतात. राखीव गडी म्हणजे गरज पडली तर वापरायचा, न पडली तर बाहेर बसवायचा माणूस. घटनेत नेमके उलट आहे. तिथे राखीव असते ती जागा. २४ सप्टेंबर १९३२ रोजी आमच्याच जिल्ह्यात, येरवड्याच्या तुरुंगात जो करार झाला त्याने प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ जागा राखून ठेवल्या. करार कोणत्या दडपणाखाली झाला हा स्वतंत्र विषय आहे. पण त्या कराराने माणसे राखीव केली नाहीत. जागा राखल्या, आणि त्या जागांवर माणसांना आत बसवले. पुढे घटनेच्या ३३० आणि ३३२ या कलमांनी लोकसभेत आणि विधानसभांत तेच केले. १६व्या कलमाने नोकऱ्यांत त्याची वाट मोकळी केली.

म्हणजे खेळातला राखीव बाहेर बसतो. राखीव जागेवर निवडून आलेला वा नेमलेला मनुष्य आत बसतो आणि पूर्ण वेळ खेळतो. त्याचे मत अर्धे मोजले जात नाही, त्याची सही कच्ची नसते. हा फरक इतका उघड असताना शिक्षकांच्या खोलीत काय बोलले जाते? “तो राखीव आहे.” “नवीन बाई राखीवमधल्या.” जागेचे विशेषण उचलून माणसाला चिकटवले की काम फत्ते होते. मग त्या माणसाने कितीही चांगले शिकवले तरी तो चपलांजवळच उभा असतो. ही नुसती व्याकरणाची चूक असती तर मी लेख लिहिला नसता. व्याकरणाच्या चुका आम्ही मराठीचे शिक्षक लाल शाईने दुरुस्त करतो. या चुकीला शाई पुरत नाही, कारण ती करणाऱ्याला तिचा उपयोग असतो.

आणखी एक गंमत पाहा. महाराष्ट्र शासनाने २००५ साली शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या. अतिशय योग्य निर्णय. जो मुलगा तालुक्यापासून चढत जाऊन राज्याला, राष्ट्रीय स्पर्धेला चमकतो, तो या राखीव जागेवर अधिकारी होऊ शकतो. त्याचा गावात सत्कार होतो, फ्लेक्स लागतो. त्याला कुणी “राखीवमधला” म्हणत नाही. त्याच्या गुणवत्तेवर कुणी शंका घेत नाही, उलट त्या जागेमुळेच त्याची गुणवत्ता सिद्ध झाली असे मानले जाते. म्हणजे लोकांना ‘राखीव जागा’ या कल्पनेचे वावडे नाही. ती कुणासाठी, एवढाच प्रश्न आहे. पहिल्या संघातल्यासाठी असेल तर तो सन्मान. दुसऱ्यातल्यासाठी असेल तर तीच भीक.

खेळाच्या भाषेत शिरलोच आहोत तर इतर शब्दही उलटून पाहावेत. ‘गडी’ हा शब्द घ्या. कबड्डीत प्रत्येक खेळाडू गडी असतो, कप्तानसुद्धा. पण त्याच मराठीत ‘गडी’ म्हणजे घरकामाला, शेतकामाला ठेवलेला माणूस. पाटलाचा मुलगा मैदानात गडी होतो आणि सामना संपला की गडी राहत नाही; घरी त्याच्याकडे गडी असतात. आमच्या मुलांच्या बाबतीत सामना संपला तरी शब्द संपत नाही, फक्त अर्थ बदलतो. म्हणून लहानपणी मला ‘भिडू’ हा शब्द जास्त आवडे. भिडू म्हणजे जोडीदार. त्याला दुसरा अर्थ चिकटलेला नव्हता. आता मुंबईच्या सिनेमाने तोही टपोरी करून टाकला.

‘शिवाशिवी’. मराठी मुलांचा सर्वांत साधा खेळ. एकावर राज्य असते, तो दुसऱ्याला शिवतो, मग राज्य त्याच्यावर जाते. ज्या समाजात ‘शिवाशिव’ हा शब्द माणसाला विहिरीपासून, देवळापासून, पंगतीपासून दूर ठेवण्यासाठी वापरला गेला त्याच समाजातली मुले एकमेकांना शिवण्याचा खेळ खेळत आणि त्यालाही तेच नाव देत. जो शिवणार त्याच्यापासून सगळ्यांनी पळायचे. या खेळाचा उगम जातीत आहे असा माझा दावा नाही. पण दोहोंतला फरक मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. खेळात राज्य फिरते. आज माझ्यावर, पाच मिनिटांनी तुझ्यावर. ज्याला शिवले तो शिवणारा होतो, आणि संध्याकाळी आईने हाक मारली की सगळेच सुटतात. जातीच्या शिवाशिवीत राज्य फिरत नाही. एकाच आळीवर हजार वर्षे राज्य राहिले आणि आईच्या हाकेने सुटका झाली नाही. शिवाय ‘राज्य’ हा शब्दही कसा बेरकी आहे! ज्याच्यावर राज्य असते त्याने सगळ्यांमागे धावून दमायचे, आणि म्हणायचे मात्र ‘राज्य’.

या सगळ्यांत मला ज्या शब्दाची सर्वांत भीती वाटते तो ‘कच्चा लिंबू’. काही ठिकाणी लिंबूटिंबू म्हणतात. मोठ्यांच्या खेळात लहान भावंडाला घ्यावेच लागले, तर त्याला कच्चा लिंबू ठरवायचे. तो धावतो, ओरडतो, लपतो. पण तो बाद झाला तरी बाद नाही आणि त्याने कुणाला बाद केले तरी ते धरायचे नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. लहान मुलापुरती ही माया आहे; रडू नये म्हणून केलेली सोय आहे. पण हीच सोय मोठ्या माणसांच्या व्यवहारात आली की काय होते? ७३व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, ग्रामपंचायतींत सरपंचपदे राखीव झाली. माझ्या ओळखीच्या एका भगिनी सरपंच झाल्या. खुर्ची त्यांची, शिक्का त्यांचा. ठराव दुसऱ्याच्या ओसरीवर लिहिला जाई आणि सहीला त्यांच्याकडे येई. सभेत त्या बोलल्या तर सगळे कौतुकाने ऐकत आणि पुढच्या विषयाकडे वळत. संघात घेतले आहे, खेळवले जात आहे, पण मोजले जात नाही! सरळ बाहेर बसवलेल्याला निदान कळते की आपण बाहेर आहोत. (त्या बाईंनी तिसऱ्या वर्षी एका ठरावावर सही नाकारली. गावात मोठा गहजब झाला. त्याविषयी पुन्हा कधीतरी.)

शाळेतल्या तुकड्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण वाचकांपैकी बहुतेकांनी तो अनुभव घेतलेला आहे. अ, ब, क, ड. वर्णमालेतले निरुपद्रवी वर्ण. त्यांचे आम्ही वर्ण केले. ‘अ’ तुकडीला इंग्रजीचे चांगले सर, ‘ड’ तुकडीला बदली शिक्षक, आणि ‘ड’च्या पुढचे अक्षर तर शिवीच होऊन बसले. खेळातही हेच वर्ण आहेत. प्रो कबड्डीचा लिलाव २०१४ पासून होतो, त्यातही खेळाडूंचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे बोलीची सुरुवात ठरते. तिथे निदान ‘ड’ वर्गातला पोरगा एका हंगामात चढाया मारून वर येऊ शकतो. ‘दुय्यम’ हा फारसीतून आलेला शब्द आमच्या तालुक्यात लोकांना एकाच पाटीमुळे माहीत आहे: दुय्यम निबंधक कार्यालय. गेल्या तीस वर्षांत मुळशीच्या जमिनी विकल्या गेल्या त्यांचे दस्त तिथे नोंदले गेले. जमीनवाल्यांच्या हाती पैसा आला आणि शाळांच्या संघांना त्यांच्या मंडळांच्या नावाचे झगझगीत टी-शर्ट मिळू लागले. दुसऱ्या संघाला पहिल्याचे गेल्या वर्षीचे मिळतात. पाठीवरचा आकडा दुसऱ्याचा, कधी नावही दुसऱ्याचे. मुलांना त्याचे काही वाटत नाही असे शिक्षक म्हणतात. मीही म्हणत असे. मुलींच्या खो-खो संघाला तर काही वर्षे मुलांचेच जुने शर्ट दिले. म्हणजे तो अख्खा संघच ‘दुसरा’ होता, आणि ते माझ्याही ध्यानात फार उशिरा आले.

हा केवळ खेड्यातल्या शाळेचा प्रश्न आहे असे कुणाला वाटेल. म्हणून बाळू पालवणकरांचे उदाहरण देतो. चर्मकार समाजातला हा मुलगा गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीस पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर नोकरीला होता. खेळपट्टी लोटायची, जाळे बांधायचे, आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजाला त्याने शेकडो तास गोलंदाजी केली. पण त्या जाळ्यात त्याच्या हातात बॅट दिली गेली नाही. गोलंदाजी म्हणजे राबणे, फलंदाजी म्हणजे मिरवणे. श्रमाची आणि प्रतिष्ठेची वाटणी विलायतेतून आली होती आणि इथल्या वाटणीशी तिचे छान जमले. पुढे पुण्याच्या हिंदूंच्या क्लबाने त्याला संघात घेतले, कारण त्याच्याशिवाय गोऱ्यांना हरवता येत नव्हते. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हाताळीत. चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला त्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. इतका मोठा खेळाडू, पण हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला रीतसर कधी दिले गेले नाही. १९२० साली मोठा वाद झाला, तेव्हा गाडी उपकर्णधारपदापर्यंत येऊन थांबली. ‘उप’ हाही या लेखातल्या शब्दांच्या गोतावळ्यातलाच. त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ साली कर्णधार झाला, आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना मुंबईतल्या राखीव जागेवर बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे केले. बाबासाहेब निवडून आले. ज्याला क्रिकेटच्या संघात कप्तान करवत नव्हते त्याला राखीव जागेवर मात्र आपला गडी म्हणून उतरवता आले. बाळूंचा मला राग येत नाही. त्यांना उतरवणाऱ्यांच्या हिशेबाचे मात्र नवल वाटते.

तो हिशेब अजून चालू आहे. ‘बी टीम’ हा शब्द आता खेळापेक्षा राजकारणातच अधिक ऐकू येतो. २०१९च्या निवडणुकांत वंचित बहुजन आघाडीला विरोधकांनी भाजपची बी टीम म्हटले. त्या आघाडीचे डावपेच योग्य की अयोग्य यावर या त्रैमासिकाच्या वाचकांत मतभेद असतील, असावेत. माझे म्हणणे भाषेपुरते आहे. दलित नेतृत्वाखाली स्वतःचा संघ उभा राहिला की पहिला प्रश्न “हा कसा खेळतो?” असा नसतो, “हा कुणाचा दुसरा संघ?” असा असतो. त्याचा स्वतःचा पहिला संघ असू शकतो, ही शक्यता शब्दकोशातच ठेवलेली नाही.

आता पुन्हा त्या मुलाकडे. कातकरी वस्तीतला, वय तेरा. नदीत मासे धरणारा, रानात पळणारा. पायात इतकी ताकद की आमच्या पहिल्या सातांतल्या तिघांना तो सहज मागे टाकी. मग मी त्याला बाराव्या क्रमांकावर का लिहिले? कारण माझ्यापाशी तयार होते. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात, तोही जातो. संघ पुढे गेला तर हा हजर असेल का? बूट नाहीत. सरावाला कधी येतो, कधी येत नाही. प्रत्येक कारण खरे होते. माझ्या मास्तरांकडेही कारणे असतीलच. त्यांनी मला चपलांजवळ उभे केले. मी या पोराला रेघेखाली उभे केले आणि त्याने शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा हसलो. खालच्या पायरीवरचा माणूस एक पायरी चढला की त्याच्याही हातात खडू येतो. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ते आपण व्याख्यानांतून शंभरदा सांगतो. प्रवेशिका भरताना मला ते आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. जागा राखीव असते आणि माणूस राखीव नसतो, हे फळ्यावर दोन चौकोन काढून समजावले. मुलांनी निमूट ऐकले. त्याने मात्र आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्याकडे जातीचा दाखला नाही. वडिलांकडेही नाही. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या नावावर कधी जमीन नव्हती आणि ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत त्यांनी तो कुठून आणायचा? म्हणजे ज्या राखीव जागेवर त्याचा हक्क होता तिथे तो राखीव नव्हता, आणि जिथे तो राखीव असण्याचे कारण नव्हते तिथे मी त्याला राखीव लिहिले होते. त्याच्या नावापुढे तो शब्द असलेला एकच कागद शाळेत होता, माझ्या अक्षरातला.

मी प्रवेशिका पुन्हा भरली. बारा नावे आडनावांच्या अक्षरक्रमाने लिहिली, रेघ मारली नाही. नियम पाहिला. कबड्डीत पंचांच्या परवानगीने, वेळ मागून घेऊन किंवा मध्यंतरात, पाचही गडी बदलता येतात. नियमाने कुणालाही शेवटपर्यंत बाहेर बसवलेले नाही. तसे करण्याची सवय आमची आहे. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या संघाने गुण मिळवला की ज्या क्रमाने बाद झाला त्या क्रमाने जिवंत होऊन परत येतो. हा या खेळाचा सर्वांत सुंदर नियम आहे. त्याचा लाभ फक्त बाहेर बसलेल्याला नाही. जो मेलाच नाही तो जिवंत कसा होणार?

तालुक्याच्या स्पर्धेत आमचा पहिला सामना सोपा गेला. दुसऱ्यात मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. एका गड्याला बाहेर घेऊन मी त्याला उतरवले. बाहेर आलेल्या मुलाच्या वडिलांनी मला नंतर गाठून विचारले, “गुरुजी, आपल्या पोराला काढून त्या कातकऱ्याला कशापायी?” मी म्हणालो, “पळतो म्हणून.” त्याने चार चढायांत तीन गुण आणले, पाचव्या चढाईत चिखलात घसरून पकडला गेला. बचावाला साखळी करताना त्याच्या शेजारच्याने त्याचा हात धरला, घट्ट धरला. मी तेवढेच पाहत होतो, म्हणून त्या चढाईत गुण कुणाला मिळाला ते मला सांगता येणार नाही. सामना आम्ही सहा गुणांनी हरलो. मध्यंतरात बादली कुणी नेली होती, तर बाहेर काढलेल्या त्या मुलाने. कुरकुर करत नेली, पण नेली.

दिवाळीनंतर तो भट्टीवर गेला. जाण्यापूर्वी त्याच्या वडिलांना घेऊन मी पौडला दोनदा जाऊन आलो. गृहचौकशीचा अर्ज दिला आहे, वस्तीतल्या तीन म्हाताऱ्यांचे जबाब जोडले आहेत. अजून दाखला मिळालेला नाही. वर्गातल्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रोज ‘गैरहजर’ लिहावे लागते. भट्टी कुठे आहे हे मला माहीत आहे, आणि येत्या रविवारी मी तिकडे जाणार आहे.